सहावं भजं

रणधीर डुबलनं थंड्याची गार बाटली माझ्यासमोर ठेवली आणि मी आधी टेबलाखाली वाकून बघितलं.

"काय पडलं काय रे?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

"मग घे की. गरम झाल्यावर काय मजा?"

बाटलीवर पाणी सुटलं होतं आणि आतून बुडबुडे वर येत होते. ही गोष्ट शहाण्णव सालची. आमचं कॉलेज सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्यातली काही माणसं मला अजून बाजारात भेटतात. तेव्हा तिथं थंडा सहा रुपयांना मिळायचा आणि मी तो तोवर एकदाच, मामाच्या लग्नात प्यायलो होतो, तोही कुणीतरी अर्धा टाकलेला. तोंडाला पाणी सुटलं होतं हे कबूल करतो. पण मी बाटलीला हात लावला नाही.

"माझा घसा धरलाय," मी म्हणालो.

"मग गरम काहीतरी सांगू. ओ शेट, इकडं एक ऑम्लेट-पाव!"

"नको. भूक नाही मला."

"घसा धरलाय, भूक नाही. तुला दवाखान्यात न्यायला पाहिजे मर्दा." रणधीर हसला, मग खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाला, "हे बघ संपत, शनिवारी काय करायचं ते तू ठरव. पण शालनमावशीचा गाडा मी हलू देणार नाही. शब्द आहे आपला."

शब्द आणि थंडा एकाच वेळी पुढं आलेले बघून माझी खात्रीच पटली. मी दप्तर उचललं आणि बाहेर पडलो. मागं वळून बघितलं तर ती बाटली रणधीरचा एक चमचा पीत होता.

टेबलाखाली मी काय शोधत होतो ते सांगायला पाहिजे. माझा बाप गावचा लोहार. भात्यासमोर बसलेला असला की लोक किटलीतून चहा घेऊन यायचे. "दादू, घे घोटभर," म्हणायचे. बाप बिचारा प्यायचा. तेवढ्यात चहा आणणाऱ्याच्या काखेतला विळा खाली उतरलेला असायचा. आता धार लावून द्यायचे पैसे मागायचे कसे? चहा तर घशाखाली गेलेला. आई आतून तणतणायची, "ह्यो च्या न्हवं, ही मजुरी हाय. बशीभर गुळवण्यात गडी इकत घेत्यात." मी दुसरी-तिसरीत असल्यापासून चहा आणणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता काखेकडे बघायला शिकलो. पुढं सवयच लागली. कुणी काही खायला दिलं की विळा कुठाय ते मी आधी शोधायचो. त्यापेक्षा आपणच दुसऱ्याला पाजलेलं बरं, असं माझं मत होतं.

हा किस्सा मी कॉलेजात एकाच माणसाला सांगितला होता, सर्जेराव निकमला. सर्जा माझा बाकावरचा शेजारी. गावाच्या कडेला मामाकडे राहायचा. त्याचा थोरला भाऊ कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या दुकानात होता आणि "शिक्षण पुरं झालं, इकडं ये" असं दर पत्रात लिहायचा. आमच्या भागातली निम्मी तरणी पोरं अशीच गलाईला जायची. सर्जा मात्र इंग्रजीत नापास होत होत कॉलेजात टिकून होता.

मला घरून आठवड्याला वीस रुपये मिळायचे. त्यातले साडेसात शनिवारी गावी जायच्या-यायच्या एस.टी.चे. दोन्ही वेळचं जेवण वसतिगृहाच्या मेसमध्ये. राहिलेल्या साडेबारा रुपयांत सगळी ऐश. कॉलेजच्या गेटजवळ शालनमावशीचा गाडा होता. तिच्याकडे चहा एक रुपया, वडापाव दीड, भजी दोन रुपये, मिसळ चार. एका चहाचे दोन भाग करून सर्जा आणि मी रोज पाच वाजता प्यायचो. बुधवारी भजी. मावशी दुपारी बटाट्याच्या चकत्या कापायला बसायची, त्या आम्हाला वर्गाच्या खिडकीतून दिसायच्या आणि मग शेवटच्या तासाचं काही डोक्यात शिरायचं नाही. गाड्याच्या फळीवर खडूनं लिहिलेलं असायचं, 'भजी (५ नग) २ रु.' आम्ही दोघं एका कागदात खायचो.

त्या वर्षी मी वर्गात पहिला आलो होतो. नव्या नियमानं पहिला आलेला मुलगा आपोआप वर्गप्रतिनिधी व्हायचा आणि वर्गप्रतिनिधी मिळून कॉलेजचा जी.एस. निवडायचे. अकरा मतं होती. पाच रणधीरकडे, पाच प्रसन्न शेटेकडे, आणि अकरावा मी. एका महिन्यापूर्वी मला कॉलेजात कुणी नावानं हाक मारत नव्हतं. आता लोक मला लांबून 'संपतराव' म्हणायला लागले होते.

एरवी जी.एस. कोण होतो याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. पण त्या वर्षी गाड्याचा प्रश्न होता. कॉलेजनं नवीन कँटीन बांधलं होतं. त्याचा ठेका कुणाला द्यायचा आणि गेटजवळचा गाडा ठेवायचा की काढायचा, हे एक समिती ठरवणार होती. समितीतल्या सरांचं निम्मं निम्मं मत होतं. विद्यार्थ्यांच्या वतीनं एकच सही होती, जी.एस.ची. म्हणजे मावशीचं पोटपाणी जी.एस.च्या सहीवर आणि जी.एस. माझ्या मतावर. मावशीला नवरा नव्हता, दोन मुली होत्या, आणि गाडा हलला तर दुसरीकडे जागा नव्हती.

सोमवारी पाच वाजता मी सर्जाला थंड्याची हकिकत सांगितली.

"सहा रुपयांचा थंडा सोडलास?" सर्जा कळवळून म्हणाला. "मला तरी बोलवायचं लेका. मला कुठं मत हाय? मी पिलो असतो तर कुणाचं काय बिघडत हुतं?"

"उद्या तुझ्यामार्फत माझ्याकडे आला असता तो."

"तू एक डॉक्टरला दाखव डोकं."

मावशीनं चहा गाळता गाळता आमच्याकडे बघितलं. "कशाला भांडताय रं? च्या निवतोय." मताबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही. ते सुद्धा मला जरा विचित्रच वाटायचं. पोटावर पाय यायची वेळ आली तरी ही बाई गप्प कशी?

मंगळवारी सर्जा यायच्या आधी प्रसन्न शेटे गाड्यावर आला. प्रसन्न म्हणजे रणधीरच्या अगदी उलटा. सायकलवर यायचा, शाईचा डाग पडलेला पांढरा शर्ट, मागंपुढं कुणी नाही. त्याच्या मामाची गावात बेकरी होती एवढंच मला माहीत होतं. मी सावध झालो. आता हा वडापाव सांगणार, मिसळ सांगणार, मनात मी नकाराची तयारी केली.

प्रसन्ननं सायकल गाड्याला टेकवली, दोन्ही खिसे चाचपले आणि म्हणाला, "संपत, आज चहा पाज की यार. पैसे घरी राहिले."

मी बघतच राहिलो. मग घाईघाईनं म्हणालो, "मावशी, एक पूर्ण चहा द्या यांना."

त्यानं चहा प्यायला. पुस्तकांचं बोलला, शेवटच्या तासाच्या सरांची नक्कल केली. मताचं नावसुद्धा काढलं नाही. सायकलवर बसताना 'थँक्यू' देखील म्हणाला नाही, जशी काही आमची जुनी दोस्ती आहे. मी त्याच्या काखेकडे दोनदा बघितलं. तिथं काही नव्हतं. मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणा शेट्याच्या पोरानं लोहाराच्या पोराकडून चहा मागून घेतला होता.

बुधवार भज्यांचा. मावशीनं कागदात भजी बांधली आणि आमच्यापुढं ठेवली. त्या आठवड्यात मला सगळंच तपासून बघायची खोड लागली होती. मी भजी मोजली.

"मावशी, सहा आहेत."

"असूं देत."

"बोर्डावर पाच लिहिलंय."

"आरं असूं दे म्हनलं न्हवं. खा गप."

पण मला ते भजं खुपायला लागलं. शनिवारी मतदान आणि बुधवारी एक भजं जास्त. मावशीसुद्धा? मी ते सहावं भजं दोन बोटांनी उचललं आणि परत तिच्या परातीत नेऊन ठेवलं.

मावशीचा झारा कढईतच थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग परातीकडे. पदरानं कपाळ पुसलं आणि दुसरा घाणा सोडला.

"आसं का केलंस?" सर्जानं विचारलं.

"तुला नाही कळायचं."

तेवढ्यात प्रसन्नची सायकल आली. "संपत, आज क्रीमरोल पण पाहिजे बरं का. लई भूक लागलीय," लांबूनच तो ओरडला. मी खूश होऊन एक चहा आणि दीड रुपयाचा क्रीमरोल सांगितला. सर्जा त्याच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याच्या हातातलं भजं तसंच राहिलं. "मला काम हाय," म्हणून तो उठला आणि चहा न पिताच गेला. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. प्रसन्न आल्यावर ह्याच्या पोटात का दुखावं? रणधीरनं ह्याला गाठलं की काय?

गुरुवारी सर्जा आलाच नाही. प्रसन्न आला. तिसरा चहा. शेवटी न राहवून मीच विषय काढला.

"तू उभा आहेस ना निवडणुकीला?"

"आहे. पण ते इथं नको बोलायला. चहा कडू होतो." तो हसला.

"गाड्याचं काय करणार?"

प्रसन्ननं बशीतला शेवटचा घोट घेतला आणि कप मावशीच्या पुढ्यात ठेवला. "शब्द देणारे खूप आहेत संपत. मी काय सांगू? मी चहा कुठं पितो, ते तू बघतोयसच."

झालं. त्याच मिनिटाला माझं मत ठरलं. मी मावशीकडे बघून मान हलवली, काळजी करू नका अशा अर्थानं. ती कप विसळत होती.

शुक्रवारी दुपारी सर्जानं मला वर्गाच्या दारातच धरलं.

"चल."

"कुठं?"

"चल तर."

त्यानं मला स्टँडसमोरच्या उडप्याच्या हॉटेलात नेलं. आम्ही त्या हॉटेलावरून रोज जायचो, आत कधी गेलो नव्हतो. आत पंखा होता, काचेखाली टेबलाचा निळा रंग होता. सर्जानं माझी बाजू अडवून मला आतल्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, "दोन मसाला डोसा."

मसाला डोसा आठ रुपये. दोन म्हणजे सोळा. सर्जानं गेल्या वर्षभरात एका वेळी दोन रुपयांपेक्षा जास्त खर्च केलेले मी बघितले नव्हते.

"पैसे कुठनं आले?"

"दादाची मनिऑर्डर आलीया."

"दादा तुला डोसा खायला पैसे पाठवतो?"

"संप्या, तू आधी खा. मग मी तुला एक सांगणार हाय."

"आधी सांग."

"न्हाय. आधी खा. खाल्ल्याबिगार सांगायचं न्हाय, आसं ठरवून आलोय मी."

डोसे आले. कडेला कुरकुरीत, मध्ये भाजीनं फुगलेले, वर लोणी वितळत होतं. तो वास मला आज अठ्ठावीस वर्षांनी सुद्धा जसाच्या तसा आठवतो. मी हात मांडीखाली दाबून ठेवले होते. मत उद्या. डोसा आज. आणि खाल्ल्यावर सांगणार. विळा इतका सरळ उघड्यावर ठेवलेला मी कधी बघितला नव्हता.

"कुणाबद्दल सांगणार आहेस, तेवढं बोल," मी म्हणालो.

सर्जा घुटमळला. डोशाचा एक तुकडा मोडून त्यानं परत ताटात ठेवला. "त्या प्रसन्नबद्दल. त्यो तुज्याकडनं च्या पितोय न्हवं, त्यो..."

"किती दिले रणधीरनं?"

"काय?"

"प्रसन्नच्या विरुद्ध माझे कान भरायला रणधीरनं तुला किती दिले? डोशाचे सोळा, आणि वर?"

"संप्या, काय बोलतोयस तू? आरं मी..."

"बुधवारी प्रसन्न आल्यावर उठून गेलास. काल आलाच नाहीस. आज डोसा. मला काय खुळा समजलास?"

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मी खिशातून आठ रुपये काढले. त्यातले साडेसात दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.चे होते. ते टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "हे माझ्या डोशाचे. खाल्ला नाही, तरी घे. उद्या म्हणायला नको की संपत लोहारानं आमचं खाल्लं."

"घास तरी खा रं," सर्जा म्हणाला. "एक घास खा आन मग काय शिव्या द्यायच्यात त्या दे."

मी निघून आलो. दारातून बघितलं तर दोन्ही डोसे तसेच होते आणि सर्जा माझ्या आठ रुपयांकडे बघत बसला होता.

शनिवारी मतदान झालं. प्रसन्न सहा, रणधीर पाच. निकाल लागल्यावर रणधीर माझ्याजवळ आला आणि एवढंच म्हणाला, "गाड्याचं बघ बाबा आता तूच." मला ते हरलेल्या माणसाचं बोलणं वाटलं. एस.टी.ला पैसे नव्हते म्हणून अकरा किलोमीटर चालत गावी गेलो. छाती फुगवून गेलो. कुणाच्या थंड्याला नाही, कुणाच्या डोशाला नाही, आपण आपल्या मनानं मत दिलं. वाटेत ऊस वाहणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं "बस मागं" म्हटलं, तर त्यालाही नको म्हणालो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं तेव्हा गेटजवळ गाडा नव्हता. जमिनीवर चार विटा होत्या आणि चुलीच्या जागी काळा डाग. 'स्वच्छ परिसर, सुंदर परिसर' असा नवा बोर्ड लावला होता. समितीच्या ठरावावर प्रसन्नची सही होती. कँटीनचा ठेका त्याच्या मामाला मिळाला होता. चहा दोन रुपये, भजी पाच, मिसळ आठ.

मी तडक कँटीनमध्ये गेलो. प्रसन्न गल्ल्याजवळ उभा होता. मला बघून त्याला जरासुद्धा संकोच वाटला नाही.

"ये संपत. बस. आज माझ्याकडून." त्यानं हात केला आणि चहाचा कप माझ्यासमोर आला.

"तू म्हणाला होतास..."

"मी काय म्हणालो होतो?" त्यानं शांतपणे विचारलं. "आठवून सांग."

मी आठवलं. तो काहीच म्हणाला नव्हता. जे काही म्हणायचं ते मीच माझ्या मनाशी म्हटलं होतं.

मी तिथून उठून सर्जाच्या मामाच्या घरी गेलो. डोशाच्या त्या शुक्रवारपासून आम्ही बोललो नव्हतो. सर्जा पडवीत वळकटी बांधत होता. शेजारी पत्र्याची पेटी, वर त्याचं नाव आणि 'कोइमतूर' असं पांढऱ्या रंगात लिहिलेलं. मला बघून त्यानं मान वर केली आणि परत दोरी आवळायला लागला.

"गाडा गेला," मी म्हणालो.

"बघितला. रणधीरच्या ट्रॅक्टरनं आम्हीच वडून न्हेला बाजार-मैदानाला. कॉलेजवाले म्हनत हुते आज न्हाय हलला तर मोडून टाकू."

रणधीरचं नाव ऐकून मी उंबऱ्यावरच बसलो. मग मी विचारलं, "त्या दिवशी तू काय सांगणार होतास?"

सर्जानं दोरीची गाठ मारली. "आता सांगून काय उपेग?"

"तरी सांग."

"सोमवारी, तू हॉस्टेलवर गेल्यावर, प्रसन्न मला भेटला. बेकरीत न्हेलं. क्रीमरोल दिला. मी खाल्ला. मला कुठं मत हाय, मी कशाला भिऊ? सहज इचारल्यासारखं म्हनला, तुज्या दोस्ताला काय आवडतं रं? मी म्हनलं, त्याला कुणाचं खायाला आवडत न्हाय. त्यो दुसऱ्याला पाजतो. मग तुजी त्या इळ्याची गोष्ट सांगितली. हसायला म्हनून सांगितली रं. त्यो पन हसला." सर्जानं माझ्याकडे बघितलं. "बुधवारी त्यो तुज्याकडनं च्या मागताना बघितला आन माझ्या ध्यानात आलं. माझ्याच तोंडानं गेलेलं. तेच कबूल करायचं हुतं."

"मग सरळ सांगायचं की लेका! डोसा कशाला?"

"रिकाम्या पोटी तू लई संशय घेतोस," सर्जा म्हणाला. "मला वाटलं, पोटात काय गेलं तर ऐकून तरी घेशील."

मला हसू आलं आणि रडूही आलं. हसू बाहेर पडेना आणि रडू आवरेना अशी माझी गत झाली. तीन चहा आणि एक क्रीमरोल. साडेचार रुपये. बापानं निदान दुसऱ्याचा चहा पिऊन फुकट विळा लावून दिला होता. मी विळाही लावून दिला आणि चहाही माझाच पाजला.

"दादाची ती मनिऑर्डर कोइमतूरच्या तिकिटाची होती ना?" मी विचारलं.

"व्हय. तुजे आठ हुते म्हनून भागलं." तो पहिल्यांदाच हसला. मग उठून त्यानं पेटी बाहेर काढली. मी दुसऱ्या बाजूनं कडी धरली. स्टँडपर्यंत आम्ही ती पेटी दोघांनी नेली. गाडीत बसताना तो म्हणाला, "मावशीकडं जाऊन ये." पत्र पाठवतो म्हणाला होता. एक आलं, मग नाही.

मावशीकडे जायला मला तीन बुधवार लागले. बाजार-मैदानाच्या कडेला, कडब्याच्या गंजीजवळ तिचा गाडा लागला होता. बाजाराचा दिवस सोडला तर तिथं कुत्रं फिरकत नव्हतं. फळीवर तोच खडू, तेच भाव. तिनं मला लांबूनच बघितलं असावं, कारण मी पोचलो तेव्हा चकत्या पिठात बुडवून झाल्या होत्या.

"बस," ती म्हणाली.

"मावशी," मी उभ्या उभ्याच म्हणालो, "गाडा माझ्या मतानं गेला."

"ठावं हाय. सर्जानं जायच्या आदी सांगितलं." तिनं झाऱ्यानं भजी उलटली. "त्या पोरानं रडून गोंधळ घातला हितं. त्यो म्हनं माझ्यामुळं गेला. आता तू म्हन तुज्यामुळं. आन मी काय म्हनू?"

तिनं कागद घेतला, भजी बांधली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळ्यांनी मोजलीच. सहा.

"मावशी, आताही सहा?"

"आता म्हंजे? पयल्या दिवसापासनं सहाच घालत आले की तुमास्नी." ती जरा चिडूनच बोलली. "दोघं एका कागदात खायचासा. पाच भज्यांची वाटणी कशी करनार? एकाला दोन आन एकाला तीन? भांडला असतासा."

मी कागदाकडे बघत राहिलो. आज मी हायस्कूलला गणित शिकवतो. तेव्हाही वर्गात पहिला होतो. वर्षभर दर बुधवारी मी तीन भजी खात होतो आणि पाचाचं निम्मं तीन होत नाही हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. मोजायला लागलो तेही नेमकं त्याच आठवड्यात.

"सर्जा कसा हाय? पत्र आलं का?" मावशीनं विचारलं.

"एक आलं होतं. बरा आहे. आता तिकडंच राहणार."

"म्हंजे आता तू एकटाच की." ती स्वतःशीच म्हणाली. मग वाकून तिनं माझ्या कागदातलं एक भजं दोन बोटांनी उचललं आणि परातीत ठेवलं. "हाताला सवय लागलीया बघ. खा. गार हुत्यात."

मी पाच भजी खाल्ली आणि दोन रुपये फळीवर ठेवले.